गुन्हे मागे घेतले. पोलिसांच्या संगणकाला कळवलं का?

२ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावरचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुटलं, त्या दिवशी सरकारने मान्य केलेल्या मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती की आंदोलकांवरचे गुन्हे सप्टेंबरअखेर मागे घेतले जातील. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये वाशीतही हेच आश्वासन मिळालं होतं. कुणबी दाखल्यांसाठीच्या हैदराबाद गॅझेटवर तेव्हापासून एवढं बोललं गेलं की गुन्ह्यांचा विषय चर्चेत मागेच पडला. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात तो मागे पडणं शक्य नाही, कारण ज्या घटनेतून आंदोलन राज्यभर पेटलं ती इथली. अंतरवाली सराटी गोंदी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. १ सप्टेंबर २०२३ चा लाठीमार, दगडफेक, जखमी आंदोलक, जखमी पोलीस हे सगळं वाचकांना पाठ आहे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये तालुक्यात संचारबंदी लागली. जूनमध्ये काही अंतरावरच्या वडीगोद्रीत ओबीसींच्या बाजूचं उपोषण झालं. आंदोलन कुणाचंही असो, रस्ता अडला आणि जमावबंदीचा आदेश मोडला की ठाण्यात गुन्हा दाखल होतो. आरोपींच्या यादीत पाच-दहा नावं आणि शेवटी ‘इतर अनोळखी इसम’.

या ‘इतर’ मधल्या एखाद्याचं नाव पुढे चित्रफितींवरून यादीत चढतं, आणि कधी कधी त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं. माहीत कधी होतं? पासपोर्टची किंवा पीसीसीची पडताळणी येते तेव्हा. पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. परदेशात नोकरीला, कायमच्या वास्तव्याला किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्याकडे समोरचा देश ते मागतो. पर्यटनाच्या व्हिसासाठी ते मिळतही नाही आणि लागतही नाही.

गोंधळ सुरू होतो तो इथूनच. राज्य पोलिसांचं ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’ वेगळं आणि हे पीसीसी वेगळं. पहिलं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून मिळतं. कंपनीत, सुरक्षारक्षकाच्या नोकरीत, कंत्राटाच्या कामात ते चालतं. दुसरं परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या पासपोर्ट कार्यालयाचं असतं. त्यासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे, ज्या देशासाठी हवंय त्याचं नाव लिहायचं आणि भेटीची तारीख घ्यायची. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही हा अर्ज घेतात. सेतू केंद्रात कुणीतरी ‘चारित्र्याचा दाखला’ म्हणून पहिलंच काढून देतो, पोरगा ते घेऊन मुंबई गाठतो, आणि तिथे कळतं की आपण चुकीच्या दारात उभे आहोत. अधीक्षकांचा दाखला परदेशासाठी वापरायचाच असेल तर आधी राज्याच्या गृह विभागाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. पासपोर्ट कार्यालयाच्या पीसीसीला तो मधला टप्पा नाही, ते थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यासाठी जातं.

त्या शिक्क्याचं नाव अपोस्टिल. हेगचा करार ५ ऑक्टोबर १९६१ चा. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये, वर अधिकृत एजन्सीचा सेवाआकार. २०१९ पासून दिल्लीच्या पटियाला हाऊसमधल्या मंत्रालयाच्या कार्यालयापर्यंत जायची गरज उरली नाही, मुंबईसह ठिकठिकाणच्या कार्यालयांतून हे काम होतं. कागद मात्र नेमून दिलेल्या एजन्सीमार्फतच द्यायचे असतात. ‘आम्ही थेट मंत्रालयातून करून देतो’ म्हणत पन्नास रुपयांच्या कामाचे हजारो रुपये घेणाऱ्यांचं दुकान चालतं ते ही साधी माहिती तालुक्यापर्यंत पोचत नाही म्हणून.

अपोस्टिलबद्दल एक गैरसमज फार घट्ट आहे. दिल्लीचा शिक्का बसला म्हणजे आपल्या चारित्र्यावर केंद्र सरकारने मोहोर उठवली, असं घरोघरी समजतात. तसं काही नसतं. सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार आहे आणि शिक्का अस्सल आहे, एवढंच अपोस्टिल सांगतं. कागदात काय लिहिलंय याची जबाबदारी मंत्रालय घेत नाही. कागदातला मजकूर ठरतो तो गोंदीच्या किंवा अंबडच्या ठाण्यात, एका हवालदाराच्या शेऱ्यावर. म्हणून मला या प्रवासाचं हेगचं टोक फारसं कुतूहलाचं वाटत नाही, गोंदीचं वाटतं.

तरीही देशांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथेही पैसे वाया जातात. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून करारात आहे, ओमान आणि बहारीन त्याच्या कितीतरी आधीपासून. कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आला. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत मात्र करारात नाहीत. दुबईला निघालेल्याने अपोस्टिलवर थांबून भागत नाही. त्याच्या कागदाला मंत्रालयाचं साक्षांकन आणि मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. जर्मनीची गोष्ट आणखी निराळी. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, म्हणून तिथे अपोस्टिल गृहीत धरून चालत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या जाहिराती जोरात झाल्या. जर्मनीला निघालेल्याने कोणते कागद कसे प्रमाणित करायचे, हे एजंटला विचारण्याआधी त्यांच्या वकिलातीच्या सूचनांत वाचावं.

आता मूळ मुद्दा. मंत्री म्हणतात गुन्हा मागे घेतला, वर्तमानपत्रात मथळा येतो, गावात पेढे वाटले जातात. कायद्याच्या भाषेत तेव्हा काय झालेलं असतं? बहुतेकदा काहीच नाही. सरकार ‘गुन्हा’ मागे घेऊच शकत नाही. ‘खटला’ मागे घेता येतो, आणि तोही सरकारी वकिलाला, न्यायालयाच्या संमतीने. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६० आहे. नव्या कलमात आणखी एक अट आली : ज्याचं नुकसान झालं त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालयाने परवानगी द्यायची नाही. सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने विचार करून अर्ज केला पाहिजे, वरून आदेश आला म्हणून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावलं आहे. आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असतील तर २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. ज्या मोर्चात नेता पहिल्या रांगेत होता त्या मोर्चातल्या शेवटच्या रांगेतल्या पोराचं प्रकरणही त्याच्यामुळे अडकू शकतं, हा त्यातला विनोद.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. आंदोलनातले खटले मागे घेण्याचे राज्याचे शासन निर्णय दोषारोपपत्र दाखल झालेल्या प्रकरणांना लागू असतात. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं, अशा अटी २०२२ च्या निर्णयात होत्या. मग ज्या गुन्ह्यात दोषारोपपत्रच गेलेलं नाही त्याचं काय? तिथे खटलाच उभा नाही, मागे काय घेणार? तिथे पोलिसांनी तपास संपवून न्यायालयात समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवायची असते, ‘बी’ किंवा ‘सी’, जी लागू असेल ती, आणि न्यायालयाने ती मंजूर करायची असते. नाहीतर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गुन्हा रद्द करण्यासाठी धाव घ्यायची. यातलं काहीच झालं नाही तर गुन्हा ‘तपासावर’ म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतो. घोषणा झालेली असते, खटला नसतो आणि पडताळणीच्या पडद्यावर नाव मात्र दिसत राहतं.

कारण हवालदार आता वहीत पाहत नाही. ठाणी सीसीटीएनएस या संगणकप्रणालीने जोडली गेली आहेत. गुन्हा दाखल होतो तेव्हा त्यात नोंद लगेच चढते. खटला मागे घेतल्याचा न्यायालयाचा आदेश त्यात चढवायला कुणीतरी बसावं लागतं. ते ‘कुणीतरी’ आपल्या व्यवस्थेत नेमकं कोण, याचं उत्तर घोषणेत कधीच नसतं. गुन्हे किती मागे घेतले याचे आकडे सरकार विधिमंडळात सांगतं. त्यातल्या किती नोंदी संगणकात बंद झाल्या, हा प्रश्न तिथे एखाद्या आमदाराने विचारायला हवा.

पासपोर्टच्या बाबतीत कायदा लोक समजतात त्यापेक्षा बराच सौम्य आहे. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे भारतातल्या फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनात स्पष्ट केलं आहे की नुसता एफआयआर किंवा तपास चालू असणं म्हणजे प्रकरण प्रलंबित असणं नव्हे. न्यायालयाने दखल घेतलेली असली पाहिजे. दखल घेतली असेल तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच न्यायालयाची परवानगी आणली की ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. ‘केस आहे, पासपोर्ट विसर’ असं पारावर सांगणाऱ्यांनी हे दोन कागद एकदा वाचावेत.

पीसीसीत मात्र ही सवलत कामाला येत नाही. तिथे प्रश्नच असा असतो की या माणसाबद्दल काही प्रतिकूल नोंद आहे का. प्रतिकूल शेरा आला की पासपोर्ट कार्यालय खुलासा मागतं आणि अर्ज लटकतो. इथे माझा आपल्या पद्धतीवर आक्षेप आहे. जर्मनीत असा दाखला मागितला तर त्यात न्यायालयाने ठरवलेल्या शिक्षा येतात, कुणी नुसता आरोप केलाय हे येत नाही. आपल्याकडे आरोप आणि शिक्षा पडताळणीच्या एकाच चाळणीतून जातात. खुनाच्या खटल्यातला आरोपी आणि जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली नाव आलेला बीएस्सीचा विद्यार्थी, दोघांचाही अर्ज अडतो. दाखल्यात प्रकरणाचं स्वरूप आणि सद्यस्थिती लिहून निर्णय परदेशी अधिकाऱ्याला घेऊ द्यायला काय हरकत आहे? समोरचा देश मूर्ख नाही. मोर्चा म्हणजे काय, हे त्यालाही कळतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्यात स्पष्ट संरक्षण आहे. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम २४ प्रमाणे, त्यातले मोजके गंभीर अपवाद वगळता, बालवयातल्या प्रकरणाची अपात्रता पुढे चिकटत नाही. मोर्चाच्या वेळी मुलगा सतरा वर्षांचा असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन वकिलाकडे आधी हा मुद्दा काढावा.

आणि लपवाछपवीचा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहावं. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात तर विचारतात की तुम्हाला कधी अटक झाली होती का, मग पुढे माफी मिळालेली असली तरी सांगा. म्हणजे खटला मागे घेतला गेला तरी तिथे ‘नाही’ लिहिणं चुकीचं ठरू शकतं. ‘हो’ लिहून सोबत न्यायालयाचा आदेश जोडणं बरं.

सरकारकडून अपेक्षा मोठी नाही. ज्या गुन्ह्यांची घोषणा झाली त्यांची ठाणेनिहाय यादी लावा : गुन्हा क्रमांक, दोषारोपपत्र गेलं की नाही, मागे घेण्याचा अर्ज कधी दाखल झाला, न्यायालयाने काय आदेश दिला, संगणकातली नोंद कधी बंद झाली. एवढे रकाने भरायला नवा कायदा लागत नाही. अंबड, गोंदी आणि घनसावंगीच्या ठाण्यांपासून सुरुवात करावी.

तोवर ज्यांना बाहेर जायचंय त्यांनी वाट पाहत बसू नये. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने आणि एफआयआर क्रमांकाने प्रकरण शोधता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही असतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच तसा आदेश दिलेला आहे. प्रकरण निकाली निघालं असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित प्रत काढा. तिची एक प्रत ठाण्यात आणि एक पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जिल्हा विशेष शाखेत द्या, दोन्हीकडे पोच घ्या, आणि नोंद बंद झाल्याची खात्री झाल्यावरच पीसीसीचे ५०० रुपये भरा. अनेक देश सहा महिन्यांच्या आतलंच पीसीसी स्वीकारतात, त्यामुळे नोकरीचं पत्र हातात येण्याच्या फार आधी काढलेलं पुन्हा काढावं लागतं.