वेचणीचे हात
(तापानंतरचे दिवस : लेखांक 4)

चिकनगुनियाचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो आणि कोरपना तालुक्यातली कापूस वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. ताप उतरून महिना झालेला असतो, तोवर बोंडं फुटतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे आखडलेल्या बोटांचा हिशेब रोज संध्याकाळी वजनकाट्यावर होतो. मागच्या लेखात आपण ताप आणि डासांबद्दल बोललो. आज या बोटांबद्दल.

आजाराचं नावच दुखण्यावरून पडलं आहे. 1952 साली आजच्या टांझानियातल्या मकोंडे पठारावर साथ आली. तिथल्या भाषेत चिकनगुनिया म्हणजे वाकवून टाकणारा. आपल्याकडे 1973 साली बार्शीला साथ झाली. नंतर तीसेक वर्षं तो जवळजवळ विसरला गेला आणि 2006 मध्ये गावोगाव परतला. भिंतीला धरून चालणारी तेव्हाची माणसं अनेकांना आठवत असतील.

ताप आठवडाभरात जातो. मनगट, बोटं, घोटे, गुडघे बहुतेकांचे काही आठवड्यांत मोकळे होतात, काहींचे वर्ष उलटलं तरी दुखत राहतात. दुखतं म्हणून माणूस हलत नाही. न हलल्यानं सांधा आणखी धरतो, स्नायूंची ताकद जाते, मग साधी कळशी उचलतानाही कळ येते.

‘दिवसभर शेतात राबतो, आणखी कसला व्यायाम?’ हा प्रश्न रास्त आहे, पण वेचणी म्हणजे व्यायाम नव्हे. तिच्यात बोटं तासन्‌तास एकाच चिमटीत असतात, कंबर एकाच वाकात. सांधा पूर्ण फिरत नाही आणि दुखलं तरी थांबता येत नाही. व्यायामात किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे आपण ठरवतो.

सकाळी हात सर्वांत जास्त आखडलेले असतात. तेव्हा ते पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. पाण्यातच मूठ हळू मिटा, पूर्ण उघडा. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा. मनगट वर-खाली करा. घोटे बाजेवर बसूनच फिरवा. हे अंगवळणी पडलं की खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आधी पाचच वेळा. ब्राझीलमध्ये अशा जुनाट दुखण्याच्या रुग्णांनी 12 आठवडे रबरी पट्ट्या ताणण्याचा व्यायाम केला, तेव्हा खुर्चीतून उठण्याची त्यांची क्षमता वाढली. म्हणजे ताकद परत येते, पण आठवड्यांच्या हिशेबानं.

व्यायामानंतर थोडं दुखणारच. ते दोन तासांत ओसरलं तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या सकाळी सूज किंवा आखडणं वाढलं, तर निम्मं करा, पण बंद करू नका. ताप असताना किंवा सांधा लाल, गरम असताना मात्र ताकदीचा व्यायाम नको. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर डॉक्टरांना दाखवाच, कारण संधिवातही असाच दिसतो. आणि सुई टोचून दुखणं दबलं म्हणून त्याच दुपारी ओटी बांधून शेतात जाऊ नका.

घरात कुणी नुकतं तापातून उठलं असेल, तर यंदा वेचणीचे पहिले पंधरा दिवस त्यांना अर्धा दिवसच न्या आणि सकाळी कोमट पाणी त्यांच्या हाताशी ठेवा.