दोन भाषांचे घर आणि स्मृतिभ्रंश

"मॅडम, आम्ही घरात उर्दू बोलणे बंद केले. मुलाचे मराठी कच्चे राहते ना!" असे पालक सांगतात तेव्हा मला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांचे संशोधन आठवते.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ असताना त्यांनी सहकाऱ्यांसह स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तेलुगू, उर्दू, हिंदी बाजारातच कानावर पडणारे हे शहर. त्यामुळे ३९१ रुग्णांना दोन किंवा अधिक भाषा येत होत्या. २०१३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा या रुग्णांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती.

हा शिक्षणाचा परिणाम असेल, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले. पण कधीच शाळेत न गेलेल्या, निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. तिसऱ्या-चौथ्या भाषेने मात्र फायदा वाढलेला दिसला नाही.

२०१६ मध्ये त्यांचा दुसरा लेख 'स्ट्रोक' नियतकालिकात आला. पक्षाघातानंतर आकलनशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषक ४०.५ टक्के होते, एकभाषक १९.६ टक्के.

दोन भाषांमुळे आजार टळतो, असा याचा अर्थ नव्हे. एक भाषा आवरून दुसरी बोलण्याच्या रोजच्या सरावाने मेंदूची शिल्लक वाढत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

म्हणून त्या पालकांना मी म्हणते, त्याला दादीशी उर्दूतच बोलू द्या. मराठीचे मी बघते.