पाखरांना पाणी द्या, पण भांडे घासा

मार्च उजाडला की गच्चीवर, खिडकीत पाखरांसाठी पाण्याची भांडी दिसू लागतात. पद्धत चांगली आहे. पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. भर दुपारी चोच उघडी टाकून बसलेला कावळा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर घालवत असतो. त्यात शरीरातले पाणी खर्च होते, म्हणून पाणी हवेच.

मात्र भांडे एकदा भरले की आठ-आठ दिवस तिकडे कोणी फिरकत नाही. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. ही अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने तग धरतात. तेव्हा जुने पाणी ओतून नवे भरणे पुरेसे नाही. मातीचे उथळ परळ घ्या, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांआड ते काथ्याने घासून काढा. पावसाळा लागला की पालथे घालून ठेवा.

आता काहींना न रुचणारे लिहितो. पंप चालू आहे तरी खोकला थांबत नाही, असे सांगणाऱ्या रुग्णाला मी हल्ली हमखास विचारतो, 'घरापाशी कबुतरे आहेत का?' एक निवृत्त शिक्षिका रोज सकाळी खिडकीत ज्वारी टाकत. सहा महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम. साध्या एक्स-रेत फारसे दिसेना. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांना सूज निघाली. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासावाटे आत जाऊन काहींना ही ॲलर्जी जडते. संपर्क चालू राहिला तर फुप्फुसे कायमची घट्ट होत जातात, आणि तो भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. बाईंनी दाणे बंद केले, जाळी लावली. खोकला गेला, दुसरा मजला मात्र त्यांना अजून एका दमात चढवत नाही.

मुंबईत 2025 साली कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. भूतदयेला माझा विरोध नाही. पण कबुतर आपल्या दाण्यावाचून उपाशी मरत नाही. विष्ठा साफ करताना आधी पाणी शिंपडा, नाकातोंडाला मास्क लावा. कोरडा झाडू मारू नका.

चिमणीसाठी काही करायचेच असेल तर अंगणात झुडपे वाढू द्या आणि कीटकनाशकाचा फवारा आवरा. चिमणी दाणे खाते, पण पिलांना भरवते ते मुख्यतः किडे-अळ्या.

हिवाळ्यात तळ्याकाठी शेपटी हलवणारा धोबी पक्षी येतो, पळसमैनांचे थवे येतात. मधुमेहाच्या माझ्या रुग्णांना मी त्या बाजूला चालायला पाठवतो. गोळीइतके चालणेही महत्त्वाचे असते, आणि पाखरू दिसले की माणूस दोन फर्लांग जास्त जातो! संक्रांतीच्या सुमारास झाडांत अडकलेला नायलॉनचा मांजा दिसला तर गुंडाळून कचऱ्यात टाका; त्याने पंख कापतात, तसे दुचाकीस्वाराचे गळेही.

एखादे पाखरू मेलेले आढळले तर उघड्या हाताने उचलू नका. एकाच जागी बरीच मेलेली दिसली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.