जवानांच्या मनाचा घाव : भजन हवे, औषधही हवे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुतळी बॉम्ब फुटू लागले, की काही घरांतले निवृत्त जवान आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. घरची मंडळी हसतात. ‘एवढा मिलिटरीतला माणूस आणि फटाक्याला भितो!’ वाचकहो, याला भित्रेपणा म्हणू नका. सीमेवर ज्या सावधपणाने त्याचा जीव वाचवला, तो सावधपणा त्याच्या मेंदूने अजून सोडलेला नाही.

या विकाराला आम्ही डॉक्टर पीटीएसडी म्हणतो. मराठीत आघातोत्तर ताणविकार. पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणत, आजचे नाव १९८० साली मिळाले. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, रात्री दचकून उठणे, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, क्षुल्लक कारणावरून संतापणे, बायकामुलांविषयीही काही न वाटणे, असे महिनाभराहून अधिक चालले तर शंका घ्यावी. पुष्कळदा लक्षणे निवृत्तीनंतर, हाताला काम नसताना डोके वर काढतात. पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, अपघाताच्या जागी सर्वांत आधी धावणारी गावातली पोरे, यांनाही हा विकार होतो.

माझ्याकडे हे रुग्ण येतात ते ॲसिडिटी, बीपी किंवा ‘झोपेची गोळी द्या’ म्हणून. मनातले त्यांनी बहुधा आधीच गावातल्या महाराजांना, भजनी मंडळातल्या एखाद्या जाणत्याला, मौलवींना नाहीतर चर्चमधल्या फादरना सांगितलेले असते. त्यात मला गैर काही वाटत नाही. आपल्या लष्करानेही ही गरज ओळखलेली आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू तिथे रीतसर हुद्द्यावर नेमलेले असतात आणि पूजाअर्चेबरोबर आजारी जवानाला भेटणे, धीर देणे हेही त्यांचे काम असते. निवृत्तीनंतर गावी आलेल्या माणसाला मात्र हा आधार स्वतःच शोधावा लागतो.

शिवाय एक दुखणे असे आहे, की ज्यावर माझ्या कपाटात गोळी नाही. ते म्हणजे अपराधीपणा. ‘तो गेला, मी का वाचलो?’ ‘अजून थोडे खणले असते तर?’ जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले, तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. डोक्याला असा निर्णय पटतो. ज्याने हातातले फावडे खाली ठेवले त्याच्या मनाला तो पटायला वर्षे लागू शकतात.

आपण नेहमी अर्जुनाचा विषाद सांगतो, पण तो युद्धाआधीचा. युद्ध जिंकल्यावर आणि कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर युधिष्ठिर राज्य सोडून वनात जायला निघाला, त्याचे काय? भाऊ रागे भरले, द्रौपदी बोलली, व्यासांनी समजावले. अखेर श्रीकृष्ण त्याला घेऊन गेले ते भीष्मांकडे, म्हणजे शरपंजरी पडलेल्या, स्वतः घायाळ झालेल्या जुन्या योद्ध्याकडे. शांतिपर्व हे महाभारतातले सर्वांत मोठे पर्व आहे. एवढा वेळ लागला!

म्हणून कीर्तनकार, महाराज मंडळींना माझी विनंती आहे, की असा माणूस आला तर आधी पुरते ऐकून घ्या. ‘पूर्वजन्मीचे भोग’ त्याला सांगू नका. अपराधीपणात भरच पडते. सगळा प्रसंग सांगच, असा आग्रहही नको. बाहेरची बाधा समजून उतारे आणि अंगारे यांत महिने दवडू नका. जमल्यास गावातल्या दुसऱ्या जुन्या फौजीशी त्याची गाठ घालून द्या.

भजनाचा उपयोग शरीरालाही होतो. ओळ गाताना श्वास आपोआप लांबवर सोडला जातो आणि हृदयाची धडधड मंदावते. वारीत चालणे आहे, ताल आहे, चार माणसांची सोबत आहे. डोळे मिटून एकट्याने केलेले ध्यान मात्र सर्वांनाच मानवत नाही. काहींना मिटल्या डोळ्यांपुढे तेच दृश्य उभे राहते. त्यांनी डोळे उघडे ठेवून जप करावा, नाहीतर चालता चालता. दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

‘माळ घातली, आता गोळ्या कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मधुमेहाचा रुग्ण माळ घातली म्हणून इन्सुलिन सोडत नाही! आघातावरचे समुपदेशन शिकलेला तज्ज्ञ मिळाला तर गुण चांगला येतो. औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही आणि त्यांची सवय लागते. कँटीनच्या रमने झोप येते खरी, पण पहाटे तीच मोडते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांना ईसीएचएसमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता येते. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

बरेच माजी सैनिक सुरक्षारक्षकाची नोकरी करतात आणि घरात परवान्याची बंदूक असते. मरणाची भाषा तोंडी येऊ लागली तर ‘बोलतो तो करत नाही’ या समजुतीवर विसंबू नका. बंदूक त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, त्याला एकटे सोडू नका आणि दवाखाना गाठा.

घरच्यांसाठी आणखी एक. रात्री तो झोपेत ओरडू लागला तर अंगाला हात लावून, गदागदा हलवून उठवू नये. तो अजून तिथेच असतो आणि हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावावा, पायथ्याकडे दोन हात अंतरावर उभे राहून त्याला नावाने हाक मारावी आणि तो घरी आहे हे सांगत राहावे. पूर्ण जागा झाला की पाणी द्यावे. काय दिसले ते तेव्हा विचारू नये.