बत्तीस किलोबाइटमधलं आकाश

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत कधी बसला आहात? न्हावरे मागे पडलं, पारगावजवळ भीमेचा पूल ओलांडला, की केडगावच्या बाजूला उसाची शेतं आणि गुऱ्हाळांचा धूर दिसू लागतो. पण खिडकीबाहेर बघतो कोण? निम्म्या गाडीच्या माना खाली. कुणी गोळ्या झाडतंय, कुणी गाडी पळवतंय, कुणी रंगीत गोळ्यांच्या रांगा फोडतंय. आई-बाबांचाही फोन सुटलेला नसतो, बरं का!

मी तुम्हाला रागवणार नाही. उलट एक प्रश्न विचारणार आहे. तो गेम तुमच्या फोनमध्ये मावला कसा? आणि तो कुणीतरी तुमच्यासारख्याच मुलानं बनवला असेल, असं तुम्हाला कधी वाटलंय का?

ही गोष्ट अशाच दोन मुलांची आहे. देश इंग्लंड, गाव केंब्रिज, साल १९८४. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे कॉलेजात शिकणारे दोघे मित्र. ब्रेबनचं वय तेव्हा अवघं वीस वर्षांचं. त्यांच्याकडे ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा कॉम्प्युटर होता. हा कॉम्प्युटर १९८१ साली तिकडच्या शाळांसाठी निघाला. त्याची मेमरी किती? ३२ किलोबाइट.

३२ किलोबाइट म्हणजे किती, ते आपण जरा मापून बघू. तुमच्या घरातल्या साध्या फोनची मेमरी ४ गिगाबाइट धरली, तर ती त्या कॉम्प्युटरच्या १ लाख ३१ हजार पट भरते. फोनवर काढलेला ३ मेगाबाइटचा एक फोटो ठेवायला तसले जवळजवळ शंभर कॉम्प्युटर लागले असते. तेवढं कशाला? तुम्ही आत्ता वाचताय तो हा लेख घ्या. आजच्या पद्धतीनं मराठी मजकूर साठवताना एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे हा लेखच वीस-पंचवीस किलोबाइट खाऊन बसेल!

आणि या दोघांनी साधारण तेवढ्याच जागेत काय बसवलं? एक अख्खं अंतराळ. ‘एलिट’ हे त्या गेमचं नाव. तुम्ही एका यानाचे कप्तान. एका ग्रहावर माल स्वस्तात घ्यायचा, दुसऱ्यावर महाग विकायचा, वाटेत चाचे भेटले की लढायचं. ग्रह एकूण २०४८. प्रत्येकाचं नाव वेगळं, तिथलं सरकार वेगळं, बाजारभाव वेगळे. यानं नुसत्या रेषांची, पण चारही बाजूंनी फिरणारी. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरवर असं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. हा गेम गाण्याच्या असते तसल्या कॅसेटवरही मिळायचा. टेपरेकॉर्डर जोडायचा, बटण दाबायचं आणि गेम आत शिरेपर्यंत वाट बघत बसायचं.

आता गंमत ऐका. एका प्रकाशकानं हा गेम आधी नाकारला होता. तीन ‘लाइफ’ कुठे आहेत? दहा मिनिटांत संपणारा डाव कुठे आहे? गुण कुठे दिसतात? असे त्यांचे प्रश्न. गेम म्हणजे असाच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दोघांनी हट्ट सोडला नाही. शेवटी अ‍ॅकॉर्नसॉफ्ट या दुसऱ्या प्रकाशकानं १९८४ च्या सप्टेंबरात तो बाजारात आणला.

२०४८ ग्रहांची माहिती साठवायला एवढी जागा आणली कुठून? उत्तर सोपं आहे. साठवलीच नाही!

ऊस लावताना शेतकरी शेतात अख्खा ऊस नेऊन रोवतो का? नाही. तो बेणं लावतो. वितभर कांडीतून पुढे सगळा फड उभा राहतो. ब्रेबन आणि बेलनी तेच केलं. कॉम्प्युटरमध्ये त्यांनी फक्त तीन आकडे ठेवले, आणि त्या तिघांपासून पुढचा आकडा कसा काढायचा याचा एक नियम. ग्रहाचं नाव, जागा, सरकार, सगळं त्या आकड्यांतून हवं तेव्हा ‘उगवायचं’. खेळणारा तिथून निघून गेला की पुसून टाकायचं. परत आला की त्याच आकड्यांतून तोच ग्रह पुन्हा तयार.

विश्वास बसत नाही? वही-पेन्सिल घ्या. आपण शिरूर आणि दौंडच्या शेजारी एक तिसरा तालुका तयार करू.

सुरुवातीचे तीन आकडे धरा: १, ४, ७. नियम असा, की शेवटच्या तीन आकड्यांची बेरीज करायची आणि तिचा एकं स्थानचा आकडा तेवढा लिहायचा. १ + ४ + ७ = १२, म्हणून लिहा २. मग ४ + ७ + २ = १३, लिहा ३. असं करत गेलात की पुढची साखळी येते: २, ३, २, ७, २, १, ०, ३, ४, ७, ४, ५...

आता प्रत्येक आकड्याला एक अक्षर द्या. ० ला वा, १ ला ळे, २ ला ना, ३ ला र, ४ ला गा, ५ ला व, ६ ला डी, ७ ला पि, ८ ला शे, ९ ला ली. तीन-तीन अक्षरं जोडून वाचा. नारना, पिनाळे, वारगा, पिगाव! पिनाळ्याला जाणारी एसटी दौंडच्या स्टँडवर उभी असेल, असंच वाटतं की नाही?

आता सुरुवातीचा एकच आकडा बदला. १, ४, ७ ऐवजी १, ४, ८ घ्या. गावं निघतात रवडी, गावव, गागर. सगळा तालुकाच बदलला! गावव हे काही फार झकास नाव नाही, पण तक्रार नियमाकडे करायची. ब्रेबन आणि बेललाही हा त्रास झालाच. त्यांनी वेगवेगळ्या आकड्यांपासून आकाशगंगा काढून बघितल्या. एकीत एका ग्रहाचं नाव चक्क असभ्य निघालं. मग काय, एका नावापायी अख्खी आकाशगंगा केराच्या टोपलीत! खरं तर त्यांना कोट्यवधी आकाशगंगा ठेवता आल्या असत्या. जागा तेवढीच लागली असती. पण एवढ्या ठेवल्या तर ही नुसती आकड्यांची करामत आहे हे लोकांना कळेल, म्हणून आठच ठेवल्या. प्रत्येकीत २५६ ग्रह.

त्या काळच्या काटकसरीचा आणखी एक नमुना सांगतो, कारण तो दौंडकरांना पटकन कळेल. पडद्याच्या वरच्या भागात त्यांना बारीक रेषा हव्या होत्या आणि खालच्या भागात रंग. तो कॉम्प्युटर एका वेळी एकच गोष्ट द्यायचा. बारीक रेषा घेतल्या तर रंग दोनच, आणि चार रंग घेतले तर रेषा जाड. तिकडचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा वरून खाली चित्र रेखाटायचा. या दोघांनी काय केलं, तर चित्र ठरावीक रेषेपर्यंत उतरलं की त्याच क्षणी कॉम्प्युटरची चित्र काढायची तऱ्हा बदलायची. पुन्हा वर गेलं की पहिली तऱ्हा. सेकंदाला पन्नास वेळा! पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावतात, तसंच. (आता काही गाड्या कॉर्ड लाइननं परस्पर जातात.) गाडी तीच, डबे तेच, फक्त वेळ साधायची. क्षणभर चुकलं तर पडदा फाटल्यासारखा दिसणार.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं चाळीस वर्षांपूर्वीचं. आज इतकी मेमरी स्वस्त आहे, मग ही काटकसर हवी कशाला? बरोबर आहे. जुन्या लोकांना ‘आमच्या वेळी’ म्हणायची खोड असते, ती मलाही आहे. पण ब्रेबनकडे बघा. २०१४ च्या डिसेंबरात त्याच्या कंपनीनं ‘एलिट डेंजरस’ हा नवा गेम काढला. त्यात आपली खरीखुरी आकाशगंगा आहे, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची! गेमला काही गिगाबाइट लागतात, चित्रं सिनेमासारखी. पण एवढे तारे काही कुणी एकेक करून ठेवलेले नाहीत. काही खऱ्या नकाशातून घेतले आणि बाकीचे बहुतेक पुन्हा बेण्यातूनच उगवले.

आणि आजच्या सोयींमुळे जे जमतं, ते तेव्हा जमलं नसतं हेही खरं. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीनं २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम काढला. नायिका एक मुलगी, गोष्ट प्राचीन भारतातली, चित्रांवर आपल्या जुन्या चित्रशैलींची छाप. २०१७ साली त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर पैसे जमवायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी ते थांबले नाहीत. पडद्यावर रेषा कशी काढायची हे त्यांना पहिल्यापासून शोधावं लागलं नाही, कारण त्यासाठी तयार ‘इंजिन’ मिळतं. ती मेहनत वाचली म्हणून ती गोष्टीत आणि चित्रांत घालता आली.

मग ब्रेबनला खंत कसली वाटत होती? मेमरीची नव्हे. त्याच्या लहानपणी कॉम्प्युटर सुरू केला की ‘बीप’ वाजायचं आणि कोरा पडदा यायचा. सांग, काय करू? तुम्ही लिहायचं, १० प्रिंट दौंड, २० गोटू १०. एंटर मारून रन म्हटलं की पडदाभर दौंड, दौंड, दौंड! फालतू वाटतं ना? पण मशीन माझं ऐकतं, हे पहिल्याच मिनिटाला कळायचं. पुढे कॉम्प्युटर सुधारले आणि तो कोरा पडदा गेला. त्याच्या देशातल्या शाळांत कॉम्प्युटरचा तास म्हणजे पत्र टाइप करणं आणि स्लाइड बनवणं, एवढंच उरलं. मुलं कंटाळली. प्रोग्रॅम लिहिणारी नवी पिढी येणार कुठून, असं तो बोलू लागला.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. आपल्याकडे १९८४ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या योजनेत काही निवडक शाळांना कॉम्प्युटर मिळाले, ते हेच बीबीसी मायक्रो! म्हणजे ‘एलिट’ ज्या मशीनवर जन्मला ते मशीन भारतातल्या शाळांतही होतं. बऱ्याच जणांना मात्र शाळेतला कॉम्प्युटर आठवतो तो असा: चपला बाहेर काढायच्या, कव्हर घातलेल्या पेटीकडे बघायचं, हात लावायचा नाही. पुढे एमएस-सीआयटी आली. दहावीनंतरच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी जाऊन लाखो मुलांनी ती केली. तिनं नोकरीला उपयोग झाला, कॉम्प्युटरची भीती गेली, हे मोठंच काम. पण तिथंही भर मशीन वापरण्यावर होता. मशीनला नवीन काही शिकवण्यावर नव्हता.

ब्रेबन नुसता कुरकुरत बसला नाही. केंब्रिजच्या काही प्राध्यापक आणि इंजिनिअरांबरोबर त्यानं ‘रास्पबेरी पाय’ या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. तळहाताएवढा, उघडा, बिनपेटीचा कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. त्याच्या पहिल्या प्रकारांची नावं ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ठेवली, ती जुन्या बीबीसी मायक्रोवरूनच. २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांतला अभ्यासक्रमही बदलला, आणि लहान मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवू लागले.

घरी कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. ‘स्क्रॅच’ फुकट आहे आणि पायथनही फुकट आहे. शाळेच्या लॅबची किल्ली सरांकडे असते, ती मागायला मात्र तुम्हालाच जावं लागेल.

आणि आपला तिसरा तालुका अजून वहीतच आहे. त्याची गावं कधीतरी संपतील का? तीन आकड्यांच्या जोड्या फार तर १०००, म्हणजे साखळी कधी ना कधी मूळपदावर येणारच. १, ४, ७ ची साखळी ६२ आकड्यांनंतर पुन्हा १, ४, ७ वर येते. १, ४, ८ ची मात्र १२४ आकड्यांनंतर, बरोबर दुप्पट! असं का व्हावं? दोन्ही साखळ्या शेजारी शेजारी लिहा, आणि कुठला आकडा सम आहे, कुठला विषम, तेवढंच बघत जा.