उंची दिसतेच, पाय बघा

रत्नागिरीत शाळेतला पोरगा सहा फुटांवर गेला की त्याला थेट बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं करतात. पण ७ फूट २ इंचांच्या सतनाम सिंगला २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सनं निवडलं, तरी एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. म्हणजे नुसती उंची पुरत नाही. बचाव जोखताना नुसते ब्लॉक मोजू नका. चपळ गार्ड अंगावर आला की मुलगा गुडघे वाकवून आडवा सरकतो का? हात सरळ वर ठेवून, फाउल न करता उडी घेतो का? पाच फाउल झाले की बाहेरच! नेमबाजीत तीन गुणांच्या रेषेपलीकडून, म्हणजे ६.७५ मीटरवरून पडलेले दोन-चार चेंडू फसवे असतात. फ्री थ्रो पाहा. तिथं कुणी अडवत नाही, मनगटाची लय उघडी पडते. ती चांगली असेल तर अंतर वाढवता येतं. आणि त्याला कबड्डीही खेळू द्या, पाय हलके होतील.