मानाचा फलक म्हणजे काय?



आपल्या शाळेच्या ऑफिसात एक लाकडी फलक आहे. त्यावर आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे आणि साले रंगवली आहेत. तसाच फलक खेळाडूंचा केला तर तो खेळाडूंचा मानाचा फलक. इंग्रजीत त्याला ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. मोठ्या ठिकाणी नुसता फलक नसतो, सबंध दालनच असते. अमेरिकेत कूपर्सटाउन या गावी बेसबॉल खेळाचे असे दालन १९३९ साली उघडले. तिथे खेळाडूंबरोबर पंचांनाही मान मिळतो. मला हे फार आवडले. पंच नसला तर खेळ कुठला, नुसते भांडणच!

आपल्या महाराष्ट्रातही असा मान देतात. राज्य सरकार १९६९-७० सालापासून शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार देते. तो खेळणाऱ्यांना मिळतो, तसाच शिकवणाऱ्या मार्गदर्शकांनाही मिळतो. कुस्तीत ‘महाराष्ट्र केसरी’ हा मोठा मान. त्याची यादी १९६१ सालापासून आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे यांनी ती गदा जिंकली. ते आपल्याच खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचे. म्हणजे त्या यादीत आपल्या तालुक्याचेही नाव आहे.

पण फलकावर नुसते जिंकणाऱ्याचे नाव लिहिले की झाले का? मला तसे वाटत नाही. का ते सांगतो.

खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान. १९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकी येथे ऑलिंपिक झाले. तिथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतात एकट्याने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पण तिथवर जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले आणि ७००० रुपये दिले. गावच्या लोकांनीही वर्गणी काढली. खाशाबा पदक घेऊन आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या जोडून त्यांची मिरवणूक काढली. मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. आता सांगा, फलकावर खाशाबांच्या शेजारी प्राचार्यांचे नाव नको का?

दुसरी गोष्ट उशिराची. खाशाबा १९८४ साली वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नाही. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो.

मुरलीकांत पेटकर यांचेही असेच. ते सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आले. तरी ते पोहायला शिकले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पुढे त्यांनी टेल्को कंपनीत नोकरी केली. टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स, पिंपरीला जिचा मोठा कारखाना आहे तीच. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मी वजाबाकी केली, ४६ वर्षे झाली! एवढ्या वर्षांत कारखान्याच्या गेटातून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या शेजारून सुवर्णपदकवाले जातात?

आता आपल्या गावाचे बघू. आमचे आजोबा सांगतात, पूर्वी गावात कबड्डीचे दोन संघ होते. त्या मैदानावर आता गोदाम आहे आणि दिवसभर ट्रक उभे असतात. मैदान गेले तरी खेळणारे अजून आहेत. पण ते म्हातारे झाले. कोणी कुठला सामना मारला ते त्यांच्या डोक्यातच आहे, कागदावर कुठेच नाही. बायकांचे तर अजून अवघड. माझी आई तालुक्याला धावण्यात दुसरी आली होती, पण प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि माहेरचे गाव. तिकडे ती सासरी गेली आणि इकडे कुणाला माहीतच नाही.

म्हणून मला वाटते, आपल्या व्हरांड्यातला जुना फळा रिकामाच आहे, त्याचा मानाचा फलक करावा. बाईंनी परवानगी दिली आहे. त्याला तीन रकाने पाडायचे. पहिला खेळणाऱ्यांचा. दुसरा शिकवणाऱ्यांचा आणि पंचांचा. तिसरा मदत करणाऱ्यांचा, म्हणजे ज्यांनी मैदान सारवले, चुन्याने आखले, संघाला ट्रॅक्टरमधून नेले, भाकरी बांधून दिल्या. आईचे नाव माहेरच्या नावासकट लिहायचे.

नाव लिहिण्याआधी दोन माणसांना विचारायचे, म्हणजे खोटे लिहिले जाणार नाही. साल आठवत नसेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता, कोण कितवीत होते, असे विचारले की हिशेब लागतो.

पालकांनो, या पानाखाली दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे आणि कोरा कागद लावला आहे. तुम्हाला आठवेल ते नाव आजच लिहून जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चौथीच्या वर्गात यावे. तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेऊ.

— इयत्ता ४ थी